चारशे बारा दिवस सशस्त्र

सर्वांनी कृपया हातातली कामं बाजूला ठेवावीत, चहाचे कप खाली ठेवावेत, आणि ज्यांचे गुडघे ठीक आहेत त्यांनी उभं राहावं. मी एक अत्यंत गंभीर गोष्ट जाहीर करते आहे. साधारण २०१६-१७च्या सुमारास जर्मनीत, एर्लांगेनपासून रिजनल ट्रेनने दोन स्टेशनं पुढच्या एका गावात, मूळचा इचलकरंजीचा एक मराठी इंजिनिअर चारशे बारा दिवस अंगावर पिस्तूल बाळगून हिंडत होता. तो पिस्तुलासकट बेकरीत गेला, दंतवैद्याकडे गेला, ऑफिसच्या मीटिंगांना बसला आणि आमच्याकडच्या सत्यनारायणालाही बसला. कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. लागणं शक्यच नव्हतं, कारण पिस्तूल लाकडाचं होतं.

आता बसा. सविस्तर सांगते.

त्या गृहस्थांना आम्ही भाऊ म्हणायचो. वयाने ते काका म्हणण्याजोगे होते, पण जर्मनीत भर रस्त्यात 'काका' अशी हाक मारता येत नाही. जर्मनमध्ये 'काका' म्हणजे शी; खोटं वाटत असेल तर कुठल्याही तीन वर्षांच्या जर्मन पोराला विचारा. भाऊ आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे आणि ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलाशी बसायचे, म्हणजे दिवसभर ते बाजूला असायचे आणि घरी आल्यावर डोक्यावर. उंची पाच फूट तीन इंच, मिशी बारीक कातरलेली, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी व्हर्नियर कॅलिपर. दोन जबड्यांत वस्तू धरून तिची जाडी मोजायचं ते स्टीलचं उपकरण त्यांनी माझ्या थालीपिठालाही लावलं होतं. "कडेला चार पूर्णांक दोन, मध्ये सहा," ते म्हणाले, "मध्ये कच्चं लागेल." मध्ये कच्चं लागलं. अशा माणसावर धड रागावताही येत नाही.

भाऊंचं आयुष्य एका वाक्यावर चालायचं: वस्तू घेण्याआधी तिच्याबरोबर राहून बघावं. हे वाक्य ते इतक्या सौम्यपणे म्हणायचे की ऐकणाऱ्याला वाटायचं, बरोबरच आहे. पुढे काय होणार आहे याची कल्पना फक्त त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना असायची.

नवा फ्रिज घ्यायचा ठरला तेव्हा भाऊंनी आधी त्या मापाचा पुठ्ठ्याचा फ्रिज केला. दार उघडणारा, आत तीन फळ्या, सगळा पुठ्ठा. तो स्वयंपाकघरात पाच आठवडे उभा होता. वहिनी त्याला कुठे अडखळतात, दार उघडल्यावर मागचा ड्रॉवर उघडतो का, हे सगळं भाऊ टिपून ठेवत होते. तिसऱ्या आठवड्यात वहिनींनी सवयीने त्यात दूध ठेवलं आणि ते नासलं. भाऊंना विलक्षण आनंद झाला. त्यांच्या मते याचा अर्थ फ्रिजची जागा अचूक होती. गाडी घेण्याआधी तर त्यांनी पार्किंगची जागा सहा महिने आधीच भाड्याने घेतली आणि रोज संध्याकाळी तिथे जाऊन नुसते उभे राहायचे. शेजारच्या जागेवर गाडी लावणारी एक आजी त्यांना रोज "गुटन आबेंड" म्हणायची आणि मग गाडीची काच जरा वर घ्यायची.

आणि वहिनी स्वतः? त्या सांगायच्या, "मला बघायला हे पाच वेळा आले. तिसऱ्यांदा आईने पोहे केले, चौथ्यांदा नुसता चहा, पाचव्यांदा बाबा म्हणाले, त्यांना सांगा आता पाणीही नाही मिळणार." त्या काळात वहिनींच्या मिरजेच्या थोरल्या बंधूंनी एक मत देऊन ठेवलं होतं: मुलगा हुशार आहे, पण भरवशाचा वाटत नाही. लग्न झालं, तीस वर्षं झाली, पण ते मत मिरजेने कधी मागे घेतलं नव्हतं. घरात कुठलंही कार्य निघालं की ते एकदा तरी टेबलावर यायचं, लोणच्यासारखं.

तर पिस्तूल. त्याची सुरुवात रानडुकरापासून झाली.

भाऊ सायकलने ऑफिसला जात. वाटेत पाइनचं रान लागतं. एका सकाळी सायकलच्या रस्त्याच्या बरोबर मध्ये एक रानडुक्कर उभं होतं. त्याने काही केलं नाही. भाऊंच्या सांगण्यानुसार त्याने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, व्हिसाच्या खिडकीमागचा माणूस पाहतो तसं, आणि झाडीत निघून गेलं. भाऊ ऑफिसात आले ते चुन्यासारखे पांढरे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांचा निर्णय झाला होता: रोज जवळ बाळगता येईल असं एक आटोपशीर पिस्तूल घ्यायचं. वहिनींनी घरी विचारलं, की डुकराने तुमचं नाव-पत्ता घेतलाय का, मग ते उद्या परत कशाला येईल. भाऊ म्हणाले, प्रश्न डुकराचा नाही, तयारीचा आहे.

आमच्या ऑफिसात एक जर्मन सहकारी होता, गावच्या नेमबाजी क्लबाचा जुना सभासद. त्याने कँटीनमध्ये बटाट्याचे गोळे कापता कापता भाऊंना सगळं समजावून सांगितलं. खरं पिस्तूल हवं तर क्लबात जा, वर्षभर सराव करा, परीक्षा द्या, आणि मग सरकारला पटवा की तुम्हाला त्याची गरज आहे. भाऊंनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी त्या सहकाऱ्याकडे जाऊन प्रांजळपणे सांगितलं की आपल्याला गरज नाही, डुक्कर एकच होतं. गोष्ट तिथेच संपायची. पण त्या भल्या माणसाला भाऊंची दया आली आणि त्याने छोट्या परवान्याची माहिती दिली.

छोटा परवाना, क्लायनर वाफनशाइन. तो असला की नुसता बार करणारं पिस्तूल जवळ बाळगता येतं. गोळी नाही, फक्त दणका आणि धूर. त्याला गरज सिद्ध करावी लागत नाही. ऑफिस दोनच गोष्टी तपासतं: माणूस भरवशाचा आहे का, आणि त्याची वृत्ती योग्य आहे का.

भाऊंचा घास हातातच राहिला. "भरवशाचा आहे का, हे सरकार तपासतं?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," सहकारी म्हणाला. "नसेल तर परवाना मिळत नाही."

मी शेजारीच बसले होते, म्हणून सांगते. त्या क्षणी डुक्कर भाऊंच्या आयुष्यातून कायमचं निघून गेलं. अठरा वर्षं ते जर्मनीत होते. राहायची परवानगी होती, कामाची होती, गाडी चालवायची होती. त्यांच्या फायलींना वेगवेगळे रंग दिलेले होते आणि त्या कपाटात उंचीप्रमाणे उभ्या होत्या. पण माणूस म्हणून हा कसा आहे, याबद्दल त्या सगळ्या कागदांत कोणीही एक अक्षर काढलेलं नव्हतं. आणि इथे एक सरकार असं होतं, की जे चौकशी करून, शिक्का मारून सांगणार होतं की मिरज चुकलं.

त्या वर्षी कोण जाणे का, सगळ्या गावालाच तो परवाना हवासा झाला होता. खिडकीशी रांग होती. भाऊ रांगेत उभे राहिले, अर्ज भरला, आणि सोबत कोणी न मागितलेली सात प्रमाणपत्रं जोडली, त्यात एक रक्तदानाचं होतं. काही आठवड्यांनी पाकीट आलं. वहिनींनी ते देवापुढे ठेवलं, कागदाच्या कोपऱ्याला अगदी पुसटसं कुंकू लावलं, आणि फोटो काढून मिरजेच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: जर्मन सरकारने चौकशी करून दिलेला दाखला. हे भरवशाचे आहेत.

मिरजेहून एक अंगठा आला. नुसता अंगठा. त्या अंगठ्याचा अर्थ काय, यावर वहिनींनी माझ्या स्वयंपाकघरात बसून आठवडाभर ऊहापोह केला. पण भाऊंच्या पुढच्या वाढदिवसाला थोरल्या बंधूंनी फोनवर त्यांना पहिल्यांदाच 'जावईबापू' म्हटलं, आणि वहिनी फोन ठेवून बाल्कनीत जाऊन उगाच कपडे पुन्हा पुन्हा झटकत राहिल्या. तेव्हापासून त्या कागदाची रंगीत प्रत हॉलमध्ये चौकटीत लागली. येणाऱ्या-जाणाऱ्याला वहिनी ती दाखवायच्या आणि वर म्हणायच्या, "असंच कोणालाही देत नाहीत हो."

आता कागद आला म्हणजे वस्तू आली पाहिजे. भाऊ न्युर्नबर्गला शस्त्रांच्या एका दुकानात गेले आणि हमाली करायला मला घेऊन गेले. हमाली कसली होती, तर फूटपट्टी, वजनकाटा आणि आलेखाची वही. दुकानदार दारासारखा रुंद, पायाशी झोपलेला एक लांबुडका कुत्रा. भाऊंनी एकेक पिस्तूल मागून घेतलं आणि कॅलिपर लावला. लांबी, जाडी, मुठीचा घेर, वजन. वजन कुठे एकवटलंय हे पाहायला त्यांनी प्रत्येक पिस्तूल पेन्सिलीवर आडवं तोललं. दीड तास झाला. कुत्रा उठून दुसरीकडे जाऊन झोपला. शेवटी दुकानदाराने अत्यंत सभ्यपणे विचारलं:

"माफ करा, हे तुम्हाला विकत घ्यायचंय की बनवायचंय?"

"आधी वागवायचंय," भाऊ म्हणाले, आणि आम्ही काहीही न घेता ट्रेनने परत आलो.

पुढचे सहा शनिवार आमच्या इमारतीच्या तळघरातून कानस चालल्याचा आवाज येत होता. भाऊंनी लिंडेन या इथल्या झाडाच्या लाकडाची सात पिस्तुलं बनवली. आत शिसं भरून खऱ्याइतकं वजन, तोल तोच, कोपरे तेच. वर काळा रंग, दोन हात. दुरून नव्हे, जवळूनसुद्धा ती पाहिली तर हात आपोआप वर जावेत अशी. प्रत्येकाच्या बुडाशी क्रमांक. वहिनी एवढंच म्हणाल्या, की लाकूड वागवायचंच असेल तर निदान थंडीत ते शेगडीला तरी द्या.

मग सुरू झाली चाचणी. नमुना क्रमांक एक कमरेला, पट्ट्यात. पहिल्याच दिवशी बेकरीत सुटे पैसे काढायला भाऊ वाकले आणि पँट नमुन्यासह खाली गेली. निष्कर्ष: भारी. क्रमांक दोन कोटाच्या उजव्या खिशात. कोट इतका एका बाजूला ओढला जाऊ लागला की तोल सांभाळायला भाऊंनी डाव्या खिशात लिंबाच्या लोणच्याची बाटली ठेवली. ऑफिसातले लोक त्या काळात त्यांच्या डाव्या बाजूला जरा लांबच बसायचे. क्रमांक तीन घोट्याला बांधलेला. भाऊ लंगडू लागले. कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी काळजीने फिजिओथेरपीच्या सहा बैठका लिहून दिल्या. भाऊ त्या सहाही बैठकांना गेले, तिथे जाताना नमुना सोडून ठेवायचे आणि आल्यावर पुन्हा बांधायचे, आणि थेरपीने काहीच कसा फरक पडत नाही याचं त्या पोरीला फार वाईट वाटायचं. क्रमांक चार काखेत. त्यासाठी वहिनींनीच शिवणयंत्रावर जुन्या खणाची पिशवी शिवून दिली, काठ आणि नाडीसकट. वरून पाहिलं तर ओटी भरायला निघालेला माणूस, आत पिस्तूल.

निवडीसाठी भाऊंनी चौदा निकषांचा तक्ता केला होता. त्यात 'पत्नीचं मत' हा निकष होता आणि त्याला महत्त्व दिलं होतं पाच टक्के. ते वहिनींच्या नजरेस पडलं. दुसऱ्या दिवशी डब्यात नुसता दहीभात होता, फोडणीशिवाय. संध्याकाळी तो आकडा पंचवीस झाला.

आणि वही. काळ्या पुठ्ठ्याची, चौकटी आखलेली. तारीख, नमुना क्रमांक, जागा, हवामान, बसून किती तास, उभं किती, सायकलवर किती. शेवटचा रकाना होता 'आठवण': दिवसभरात किती वेळा जाणवलं की आपल्याजवळ पिस्तूल आहे. भाऊंचं म्हणणं, की ज्या दिवशी तिथे शून्य येईल त्या दिवशी ते पिस्तूल आपलं. क्रमांक पाच सगळ्यात आटोपशीर होता, तळहाताएवढा. तो जाकिटाच्या आतल्या खिशात असा बसायचा जसा त्याच्यासाठीच खिसा शिवलाय. त्याचा आकडा एकोणीसवरून सातवर आला, सातवरून दोनवर. आम्ही सगळे त्यात गुंतलो होतो. मी सकाळी लिफ्टमध्ये 'गुड मॉर्निंग' न म्हणता 'काल किती?' असं विचारायचे.

एकच गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. भाऊंनी पिस्तूल बाळगण्याबद्दलचा कायदा पाठ केला होता. समारंभात नेता येत नाही, परवाना सोबत पाहिजे, ओळखपत्र सोबत पाहिजे. सत्यनारायणाला येतानासुद्धा त्यांनी मला आधी विचारलं होतं की हा खाजगी कार्यक्रम आहे की सार्वजनिक. पण लाकडाबद्दल त्यांनी एक ओळही वाचली नव्हती. लाकडाला कसला कायदा?

चारशे बाराव्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं एर्लांगेनहून ट्रेनने घरी येत होतो. एक बाई मोठी बॅग वर ठेवायच्या खटपटीत होत्या. भाऊ उठले, मदत करायला दोन्ही हात वर केले, आणि क्रमांक पाच जाकिटातून निसटून डब्याच्या मधोमध पडला. ठक्. तीन रांगा मागे रेल्वेचे दोन पोलीस बसले होते, एक तरुण मुलगी आणि एक पोक्त माणूस. भाऊ किंचितही डगमगले नाहीत. त्यांनी हात बाजूला घेतले, सौम्य आवाजात सांगितलं की परवाना वरच्या डाव्या खिशात आहे, आणि त्यांचा चेहरा अक्षरशः उजळला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी तो कागद बघायला मागणार होतं.

पोलीस मुलीने परवाना वाचला, ओळखपत्र वाचलं, मग पिस्तूल उचललं. बोटाच्या पेराने त्यावर टकटक केलं, दारावर करतात तसं. मग ते नाकाशी नेऊन हुंगलं.

"हे लाकूड आहे," ती म्हणाली.

"लिंडेन," भाऊ म्हणाले.

"आल्झो, म्हणजे," ती म्हणाली, आणि तिलाच ते सांगायला अवघड जात होतं, "खरं वाटणारं खोटं शस्त्र बाहेर घेऊन फिरायला बंदी आहे. बार करणारं असतं तर तुमच्याकडे परवानगी होती. याच्यासाठी अख्ख्या जर्मनीत परवानगी नाही."

मी भाऊंना घाबरलेलं अनेकदा पाहिलंय: डुकरानंतर, मिरजेच्या फोनआधी. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा घाबरलेला नव्हता. आपण एक पान न वाचता पुस्तक पूर्ण झालं म्हणून सही केली, असा तो चेहरा होता.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. आपल्या भरवशाबद्दल शंका उत्पन्न झाली असून परवाना काढून घेण्याचा विचार आहे, तरी म्हणणं मांडायला अमुक दिवशी यावं. वहिनींना मी ते वाचून दाखवलं. त्यांनी पहिलं काय केलं, तर हॉलमधली चौकट उलटी करून भिंतीकडे तोंड करून लावली. पुढच्या महिन्यात मिरजेचे थोरले बंधू सपत्नीक पहिल्यांदाच जर्मनीला येणार होते, तिकिटं काढून झाली होती. भाऊंच्या खिशात त्या दिवसांत कॅलिपरसुद्धा नसायचा.

ऑफिसला आम्ही तिघं गेलो. भाऊंना जर्मन माझ्याइतकंच येतं, पण वहिनींना त्यातलं काय ते मला सांगायला लागणार होतं, आणि वहिनी घरी थांबायला तयार नव्हत्या. त्या म्हणाल्या, "हे खरं बोलून सगळं बिघडवतील. मी समोर असले तर जरा दबून राहतील." टेबलामागे एक पोक्त बाई होत्या, चष्मा साखळीला, खिडकीत चार निवडुंग. चेहरा कडक, पण डोळे खट्याळ. हे मी आधी सांगून ठेवते, कारण त्या बाईंनी जे करायचा प्रयत्न केला ते जर्मन ऑफिसात मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलेलं नाही.

भाऊंनी आधी टेबलावर लाडवाचा स्टीलचा डबा ठेवला. त्याला त्यांनी कडी बसवून कुलूप लावलं होतं. कारण आता कायदा पूर्ण वाचून झाला होता आणि त्यात लिहिलं होतं की अशा वस्तू न्यायच्याच असतील तर कुलपात. त्यांनी कुलूप उघडलं. आत उरलेले सहा नमुने (क्रमांक पाच पोलिसांनी ठेवून घेतला होता), जुन्या साडीच्या तुकड्यांत गुंडाळलेले. बाईंनी एकेक सोडवला, हातात धरला, वजन घेतलं. चौथ्याला एक भुवई वर गेली. मग त्यांनी सगळे पुन्हा नीट गुंडाळले, वहिनींपेक्षाही नीट, आणि मुद्द्यावर आल्या.

कायद्यात असं आहे, त्या म्हणाल्या, की माणसाने नियम एकदा, नकळत मोडला तर ताकीद देऊन सोडता येतं. वारंवार मोडला तर तो भरवशाचा नाही, आणि परवाना जातो. मग त्यांनी एक कागद पुढे सरकवला. तो त्यांनी आधीच टाइप करून ठेवला होता. मजकूर दोन ओळींचा: मी ही वस्तू एकदाच, अनवधानाने बाहेर नेली. पुन्हा नेणार नाही. खाली सहीची जागा. वर पेन.

मी वहिनींच्या कानात सांगितलं. वहिनींनी डोळे मिटून सुटकेचा श्वास घेतला. तो मला ऐकू आला, बाईंनाही आला असणार.

भाऊंनी पेन घेतलं. वाचलं. पुन्हा वाचलं. आणि पेन कागदाच्या कडेला अगदी समांतर ठेवून दिलं.

"हे बरोबर नाही," ते म्हणाले. "एकदा नाही. चारशे बारा वेळा."

बाई म्हणाल्या, की पोलिसांच्या अहवालात एकाच वेळेची नोंद आहे. भाऊ म्हणाले, अहवाल अपुरा आहे. आणि त्यांनी पिशवीतून काळ्या पुठ्ठ्याची वही काढली.

मी टेबलाखालून त्यांच्या घोट्यावर लाथ मारली. त्यांनी पाय शांतपणे बाजूला घेतला.

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, चष्म्याशिवाय मला काही दिसत नाही, आणि ती वही फायलीत नाही, म्हणजे ती इथे नाहीच. भाऊंनी वही त्यांच्या बाजूला फिरवली आणि पहिल्या पानापासून बोट लावून सांगायला सुरुवात केली. बाई म्हणाल्या, निदान 'अनवधानाने' तरी राहू द्या. भाऊ म्हणाले, कसं राहू द्यायचं, मी तक्ता केला होता, चौदा निकष होते. बाई खिडकीशी गेल्या. निवडुंगांकडे पाहत म्हणाल्या, की मी दोन मिनिटं कॉफी आणायला जाते, तेवढ्यात जर कोणी सही केली तर मी काही विचारणार नाही. त्या खरोखर गेल्या. दोन नाही, पाच मिनिटं गेल्या.

त्या पाच मिनिटांत वहिनी भाऊंशी काय बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. त्यात मिरज होतं, विमानाची तिकिटं होती, भिंतीकडे तोंड केलेली चौकट होती आणि तीस वर्षं होती. भाऊ मान खाली घालून ऐकत होते. मग अगदी हळू म्हणाले, "अगं, भरवशाचा आहे असा कागद खोटं लिहून कसा ठेवायचा? रोज त्याच्यासमोरून जायचं असतं."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मी निवडुंगांकडे.

बाई आल्या. सहीची जागा रिकामी होती. त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला, मग भाऊंच्या पुढ्यातला मूळ परवाना, तो कोपऱ्यावर पुसट कुंकू असलेला, सावकाश आपल्या बाजूला ओढून घेतला. आणि तो फायलीत ठेवता ठेवता त्या भाऊंना जर्मनमध्ये काहीतरी म्हणाल्या, पुटपुटल्यासारखं, मान वर न करता. भाऊ एकदम ताठ बसले.

"काय म्हणाल्या?" वहिनींनी माझा दंड धरला. "कागद देतायत ना?"

मी सांगितलं, कागद काढून घेतलाय. पण त्या म्हणाल्या, की इतकी वर्षं मी या खुर्चीत बसते आहे, यांच्याइतका भरवशाचा माणूस माझ्यासमोर आजवर बसला नाही.

वहिनींनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा फायलीकडे, एकदा ताठ बसलेल्या नवऱ्याकडे. आणि मग त्या शांत सरकारी ऑफिसात, चार निवडुंगांसमोर, अस्सल सांगली-मिरजेच्या पट्टीत त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"मग त्यांना म्हणावं, माणूस तुम्ही ठेवून घ्या आणि कागद आम्हाला द्या."